दोनशे चौदा खिळे आणि एक पेटी

आत्याला मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा तिच्या आवाजानं चालू मशीनच्या सहा सुया जागच्या जागी थांबल्या, खिडकीतलं मांजर राजीनामा देऊन निघून गेलं आणि मी, बावन्न वर्षांचा बाप्या, तिसरीत खडू चोरल्याची कबुली द्यायच्या बेतात आलो. माझा गुन्हा एवढाच, की आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळाच्या टोप्यांवर बदक भरून घ्यायला गेलो असताना भिंतीवरच्या फळ्याला मी बोट लावलं.

"फळा माझा आहे, बोट तुमचं आहे," ती म्हणाली. "दोघांना वेगवेगळं राहू द्या."

त्या फळ्यावर दोनशे चौदा खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एक पेनड्राइव्ह लटकत होता. मशीनवरच्या भरतकामाचा हा छोटा कारखाना तिच्या भाच्याचा. शाळांचे बिल्ले, दवाखान्यांचे कोट, हॉटेलांचे टॉवेल. दर गिऱ्हाइकाचं डिझाइन वेगळ्या पेनड्राइव्हवर, आणि त्याला त्यांच्या गणवेशाच्या रंगाचा दोरा. नवरा गेल्यावर आत्या या फळ्याखालच्या खुर्चीत बसली, ती बसलीच. पेनड्राइव्ह हवा? आधी वहीत सही, मग हात धुतलेत का ते दाखवायचं, मग एक टोमणा ऐकायचा आणि मगच वस्तू मिळणार. सख्ख्या भाच्यालाही यात सूट नव्हती.

पण दोन मशीनांची नऊ झाली आणि गाडं अडलं. एकच डिझाइन तीन मशीनांना एकाच वेळी लागायचं. कारागीर आत्याची नजर चुकवून कॉप्या करू लागले. एका दवाखान्यानं आपलं चिन्ह बदललं, तर कुणाच्या तरी खिशातल्या जुन्या कॉपीवरून चाळीस कोटांवर जुनंच भरलं गेलं. ते उसवण्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी भाचा म्हणाला, "आत्या, आता एक स्टोरेजची पेटी घेऊ. सगळी डिझाइनं तिच्यात. मशीनं वायरीतून आपली आपण उचलतील."

"आणि मी काय करू? वायरीला टोमणे मारू?"

खरी गोम इथेच होती. फळा गेला की खुर्ची जाणार, आणि खुर्ची गेली की आत्या घरी बसून भिंतीशी भांडणार. भाच्याला हे कळत होतं, म्हणून त्यानं पेटी निवडायचं काम तिच्यावरच सोपवलं. म्हणजे मांजरालाच विचारायचं, बाई गं, कुत्रा कोणता आणू?

टोप्या केव्हाच तयार झाल्या होत्या, तरी निवडीच्या दिवशी मी हजर. असला तमाशा फुकट कोण सोडतो?

पहिला विक्रेता टायवाला. त्याची पेटी चार डिस्कांची, निळ्या दिव्यांची. "तुमच्या पतवंडांची डिझाइनंसुद्धा मावतील यात!" त्यानं आमच्या टोप्यांचं बदक तिच्यात घातलं आणि ती एका मशीनला जोडली. आत्या कौतुकानं वाकली, "किती गोड दिवे!" म्हणाली आणि चालू पेटीतली एक डिस्क मुळ्यासारखी उपटली.

"हं, आता बदक मागवा."

मशीनच्या पडद्यावर बदक सोडा, पीससुद्धा येईना. टायवाला कळवळला, "बाई, काय केलंत! जागा जास्त दिसावी म्हणून चारही डिस्का मिळून एक केल्या होत्या. एक काढली की सगळंच गेलं!"

"म्हणजे एक जण रुसला की चौघांची चूल बंद? असली एकी नको आम्हाला."

एक पेटी पडली. आत्या खुशीत होती. दुसरी पाडली की फळा वाचला.

दुसरी आली दुरुस्तीवाली. कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. तिची पेटी काळी, ठोकळ्यासारखी, दोनच डिस्कांची. आत्यानं कौतुकाचं नाटकही केलं नाही, थेट डिस्क उपटली. पेटी पीं पीं करून कोकलली. पण पडद्यावर बदक आलं, चोचीसकट.

"दोघींत तेच साठवलेलं असतं," दुरुस्तीवाली म्हणाली. "एक मेली तरी दुसरी काम चालू ठेवते."

आत्या हातातल्या डिस्ककडे बघत राहिली. "आमचे हे गेले तेव्हा मीही अशीच जराशी कोकलले," ती म्हणाली. "मग कामाला लागले." आणि भाच्याकडे न बघता, "हीच घे रे."

मग एकदम दुरुस्तीवालीकडे वळली, "पण पेटीलाच आग लागली तर?"

"म्हणून तिसरी कॉपी ठेवायची. बाहेरची डिस्क. आठवड्यातून एकदा पेटीला जोडायची, कॉपी झाली की दुसऱ्या घरी न्यायची. माणूस मात्र जबाबदार हवा."

आत्याच्या डोळ्यांत दोनशे चौदा खिळे चमकले.

फळा उतरला, खुर्ची राहिली. दर शनिवारी आत्या लाल दोरा बांधलेली ती डिस्क चष्म्याच्या घरात घालून घरी न्यायची आणि सोमवारी परत आणायची. मध्ये कुणी "आत्या, पेटीला जोडायला द्या ना" म्हटलं, की "आधी हात दाखव!" आणि हात कुणाचेच पुरेसे स्वच्छ नसायचे. तीन वर्षांत एकही शनिवार चुकला नाही.

गेल्या महिन्यात गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा तिनं काम सोडलं. वहीत भाच्याची सही घेतली, एक टोमणा मारला आणि डिस्क त्याच्या हवाली केली. त्यानं ती पेटीला जोडून पाहिली.

कोरी होती.