शेंगदाण्याची वेगळी खोली

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, शेंगदाणा हा धोकादायक पदार्थ असून, त्याला स्वतंत्र खोली, स्वतंत्र चक्की आणि स्वतंत्र झाडू मिळाल्याशिवाय जवसाने त्याच्या शेजारी नांदू नये. ही घोषणा माझा शाळासोबती रमेश भोयर माझ्या यवतमाळच्या छापखान्यात उभा राहून करायचा आणि मी टाळ्या वाजवायचो. खाण्याचे पदार्थ बनवणाऱ्या कारखान्यांना प्रमाणपत्रासाठी तयार करणं हा त्याचा धंदा. डोक्यावर एक केस नाही, तरी कारखान्यात शिरताना हा गृहस्थ जाळीची टोपी घालायचा. नियम डोक्याले आहे, केसाले नाही, म्हणायचा. गेल्या महिन्यात लोहारा गावातल्या एका डाळ मिलमधून फोन आला. तपासणी करता करता साहेब पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले, ते उठलेच नाहीत... टोपी तशीच डोक्यावर होती. मी आधी हसलो. मला वाटलं, रम्या नाटक करून राह्यला.

प्रमाणपत्रांतला फरक तो सोयरिकीच्या भाषेत समजावून द्यायचा. सरकारी परवाना म्हणजे पहिला सोयरा. घर झाडलेलं आहे ना, दारावरची पाटी खरी आहे ना, एवढं पाहून चहा पिऊन जाणारा. दुसरं प्रमाणपत्र म्हणजे खोदून विचारणारा सोयरा. तुमच्या घरात भांडण कुठून सुरू होऊ शकतं आणि ते होऊ नये म्हणून तुम्ही काय करता, ते सांगा म्हणणारा. आणि परदेशी खरेदीदाराची तपासणी म्हणजे तिसरा. तो न कळवता येतो, मागच्या दारानं शिरतो आणि सरळ स्वयंपाकघरातल्या भांड्यांची झाकणं उघडतो. अशा वेळी रमेशचे हातवारे पाहायला शेजारचा पानवाला दुकान सोडून यायचा.

त्याची मोठी बहीण कुसुमताई बोरी अरब या गावी चटण्या बनवते. जवसाची, कारळाची, शेंगदाण्याची. गावातल्या बाया तिच्याकडे कामाला येतात, पाकिटांवरची लेबलं मी छापतो. तिच्या जवसाच्या चटणीला आखातातल्या एका दुकानदाराची मागणी आली, तेव्हा ताईनं साहजिकच भावाला बोलावलं. पहिले दोन सोयरे तिनं केव्हाच खूश केले होते, राहिला होता तिसरा. रमेशनं शेंगदाणे दळलेली चक्की धुवायला लावली, एकदा नाही, दोनदा. मग आत कापसाची कांडी फिरवली आणि ती चाचणीच्या पट्टीला लावली. पट्टीवर रेघ उमटली. धुतलेल्या चक्कीतही शेंगदाणा होता, आणि त्याच चक्कीत पुढे जवस पडणार होतं. काही माणसांचा शेंगदाण्याच्या नुसत्या कणानं श्वास कोंडतो, हे त्यानं ताईला समजावलं. ताई हसली. बाया हसल्या. खोटं कशाला सांगू, मीसुद्धा हसलो. ज्या मुलखात पाहुण्याच्या हातावर आधी शेंगदाणे ठेवतात, तिथं हे कोणाला पटावं?

"शेंगदाण्यानं माणूस मेल्याचं आयकलं का रे कधी?" ताईनं विचारलं.

"इथं नाही आयकलं," रमेश म्हणाला. "अन् ज्याच्या घरचं मेलं, तो सांगाले बोरी अरबले येत नाही, ताई."

त्यानं खरेदीदाराच्या तपासणीचा अर्ज पुढे पाठवला नाही. एक तर शेंगदाण्याची चटणी बंद कर, नाही तर तिच्यासाठी वेगळी खोली बांध, एवढं सांगून तो निघून गेला. मागणी दुसरीकडे गेली, काही बायांचं काम सुटलं. ताईनं सगळ्या बायांसमोर सांगितलं की सख्ख्या भावानं तिचा धंदा बुडवला. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. दरवर्षी राखीसोबत जवसाच्या चटणीचा डबा यायचा. त्या वर्षी पोस्टानं नुसती राखी आली. ती हातावर बांधून रमेश छापखान्यात आला आणि म्हणाला, "आली रे, पण कोरडी." मी नेहमीसारखा काहीतरी विनोद केला. तो हसला नाही. उलट त्यानं मला विचारलं, मी ती चक्की पास केली असती आणि कोणाचं लेकरू गेलं असतं, तर मला कळलं तरी असतं का?

दहाव्यानंतर मी बोरी अरबला गेलो. ताईनं मला घरामागे नेलं. तिथं शेंगदाण्यासाठी नवी खोली उभी होती, जुनी चक्की त्या खोलीत, जवसाला नवी, आणि शेंगदाण्याच्या खोलीत काम करणाऱ्या बायांसाठी पिवळे ॲप्रन, बाकीच्यांना हिरवे. गेलं वर्षभर हे चाललं होतं आणि तिनं कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. पास झाली की तो कागद त्याच्या दारात जाऊन तोंडावर मारणार होती मी, ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि ॲप्रनच्या घड्या घालत बसली.

मागच्या आठवड्यात, ताईनं नव्यानं पाठवलेल्या अर्जावरून, आखातातल्या खरेदीदारातर्फे पुण्याहून तपासणीस बाई आल्या. न कळवताच. ताईनं मला फोन करून बोलावून घेतलं. बाई तरुण, पण नजर पक्की. त्यांनी भिंतीच्या फटी पाहिल्या, झाडू कुठं टांगले ते पाहिलं, एका बाईला पिवळा ॲप्रन घालून हिरव्या बाजूला जायला सांगितलं आणि ती जाते का ते पाहिलं. ती गेली नाही. उलट पुण्याच्या बाईंनाच ती रागावली. दोन्ही चक्क्यांत कांड्या फिरल्या. जवसाच्या चक्कीची पट्टी कोरी निघाली.

शेवटी सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून बाईंनी निकाल सांगितला. एकही त्रुटी नाही. अभिनंदन, म्हणाल्या. बायांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. ताईचे हात मांडीवरून हलले नाहीत. तिचा चेहरा उतरत चालला होता. कोणाला काही विचारायचं आहे का, असं बाईंनी सहज म्हटलं, तशी ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर बोलून गेली,

"बाई, अजून एक डाव नीट पाहा ना... तो असता, त त्यानं नापास केलं असतं मले."