जोडे काढून या

"जोडे काढून या."

बंगल्याच्या पायरीवर पाऊल पडलं की आतून हे वाक्य यायचं. कोण आलंय हे ती बघायची नाही. मोठे साहेब असोत, ठेकेदार असो की जीपचा ड्रायव्हर, वाक्य तेच आणि आवाजही तोच. कुणी घुटमळला तर ती हातातलं फडकं खांद्यावर टाकून दारात यायची आणि त्याच्या पायांकडे बघत उभी राहायची. तुम्ही असता तरी मुकाट्याने वाकून बंद सोडले असते. एकदा नागपूरहून आलेले एक साहेब मोज्यातून बाहेर आलेला अंगठा दुसऱ्या पायाखाली लपवत अख्खी मीटिंग उरकून गेले. तिनं ते पाहिलं, आणि चहासोबत सुईदोरा नेऊन ठेवला.

मी मूळचा वरोऱ्याचा. नव्वदच्या दशकात वनखात्यात बाबू म्हणून लागलो आणि बदली झाली ती गडचिरोली जिल्ह्यात, मुलचेऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका गावी. आमच्या ऑफिसच्या समोरच इंग्रजांच्या वेळचं विश्रामगृह होतं. लोक त्याला बंगला म्हणत, आणि तिला बंगलेवाली बाई. तिचा नवरा तिथला चौकीदार होता. तो तापानं गेला तेव्हा पोरगी अजून कडेवरची होती. साहेबांनी बाईलाच रोजंदारीवर ठेवून घेतलं. मागच्या स्वयंपाकखोलीत मायलेकी राहायच्या.

बंगल्याची सगळी जमीन सागवानी फळ्यांची होती, पण प्रत्येक खोलीचं रूप वेगळं. ओसरीच्या फळ्यांना नुसतं जवसाचं तेल, बैठकीला मेण, आणि आतल्या निजायच्या खोलीला लाखेचं पॉलिश. बाई या तिघींबद्दल घरातल्या माणसांसारखं बोलायची. ओसरी तिच्या मते खादाड, कितीही तेल पाजा, उन्हाळ्यात पुन्हा तोंड कोरडं करून बसणार. बैठक गरीब स्वभावाची, ओरखडा पडला तर जरा मेण चोळलं की विसरून जाणार. निजायची खोली मात्र रुसकी. पाण्याचा एक थेंब राहिला की पांढरा डाग धरून बसायची. तिथे ओलं फडकं न्यायचंच नाही असा बाईचा नियम होता. कोरड्या मऊ धोतराच्या तुकड्यानं ती ही खोली पुसायची, तेही फळीच्या रेघेरेघेनं, गुडघ्यावर बसून.

मेणाचा दिवस आला की आम्हाला ऑफिसात बसल्या बसल्या कळायचं. जंगलातला मध काढून उरलेलं मेण ती वितळवायची, त्यात टर्पेंटाईन घालायची, आणि तो वास रस्ता ओलांडून आमच्या टेबलांपर्यंत यायचा. मग ती आणि पोरगी, दोघी बैठकीत पाय पसरून बसायच्या आणि नारळाच्या सोडणानं फळ्या घासायच्या. पोरीचं घासणं कमी आणि घसरणं जास्त. ती ढुंगणाखाली गोणपाट घ्यायची आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घसरत जायची. बाई रागवायची, पण मी खिडकीतून पाहिलंय, पोरगी परत यायच्या आत ती स्वतःच तिच्या वाटेवर थोडं जास्त मेण लावून ठेवायची.

ही पोरगी त्याच जमिनीवर रांगली होती. तेव्हा एकदा तिच्या गुडघ्यात सागाचं कुसळ घुसलं. बाईनं काचेचा तुकडा घेतला आणि बैठकीच्या सगळ्या फळ्या खरवडून काढल्या. नवरा तेव्हा होता. तो म्हणाला, सरकारी जमीन कमी करून राह्यली तू. ही हकिगत सांगताना बाई दरवेळी तोंडाला पदर लावून हसायची. नवऱ्याबद्दलची ही एकच गोष्ट ती सांगायची.

पोरगी मोठी झाली, आश्रमशाळेत गेली, दहावीपर्यंत शिकली. हुशार होती. सुट्टीत आली की ओसरीत वाचत बसायची. पुढे पुढे माझ्याशी बोलताना ती आडवे प्रश्न विचारू लागली. आपल्या बापानं इतकी वर्षं चौकीदारी केली, त्याला बंगल्यातल्या खाटेवर मरताना तरी का निजवलं नाही, असं तिनं मला एकदा विचारलं. बाईनं आतून हाक मारून तिला तेलाचं डबडं आणायला सांगितलं आणि विषय मोडला.

एका उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याच्या हंगामात, पोरगी दिसेनाशी झाली. बाई सगळ्यांना सांगायची की सिंदेवाहीला मामाकडे पाठवली, तिकडे धानाच्या रोवणीले बाया लागतात. गावाला खरं काय ते माहीत होतं. त्या काळी आमच्या भागात एखादं पोर असं मामाकडे गेलं की लोक पुढचं विचारत नसत. जंगलात बंदुका घेऊन फिरणाऱ्या लोकांना गावात कुणी नावानं बोलत नसे, 'दादा लोक' एवढंच म्हणत.

त्यानंतर बाई जास्तच घासू लागली. वर्षातून ठरल्या वेळी व्हायचं ते तेलपाणी कधीही सुरू व्हायचं. ओसरी इतकी काळीभोर तुकतुकीत झाली की आत पाहुणा नसतानाही बंगल्यात कुणी राहत असल्यासारखं वाटायचं. मी एकदा म्हटलं, बाई, आता तरी थांबा, हात सोलले तुमचे. ती म्हणाली, "रिकाम्या हातानं मले बसवत नाई, बाबू."

दोन हजार सालानंतर पोलिसांच्या तुकड्या बंगल्यात मुक्कामाला येऊ लागल्या. त्यांनाही तिनं बूट काढायला लावले. काहींनी काढले, काहींनी नाही. ते गेले की ती मेणाचा डबा घेऊन बसायची.

जाळपोळ झाली त्या दिवशी मी कामासाठी चंद्रपूरला होतो. परतलो तर बंगल्याच्या जागी दगडी चौथरा, धुराडं आणि काळा ढिगारा. राख अजून गरम होती. पोलिसांचा मुक्काम पडतो म्हणून भर दुपारी दादा लोक आले आणि बंगला पेटवून गेले, असं गावानं सांगितलं. बाई मागे तेवढ्या वाचलेल्या स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. तिच्याजवळ तिची पत्र्याची पेटी आणि गुंडाळलेली वाकळ होती. पोलिसांनी तिला फार विचारलं. मी कोणालेच ओळखलं नाई, एवढंच ती म्हणत राहिली.

मला तिनं बऱ्याच दिवसांनी सांगितलं. मी तिच्यासाठी बाजारातून तांदूळ आणला होता. तो निवडता निवडता, मान वर न करता, ती बोलू लागली.

ती बैठकीत मेण लावत होती. पायरी वाजली. ती नेहमीसारखं बोलून गेली. मग वर पाहिलं तर दारात चार-सहा जणं, हिरव्या कपड्यांत, खांद्यावर बंदुका. आणि सगळ्यांत पुढे पोरगी. वाळली होती. केस कापले होते. बाकीचे तसेच आत आले. पोरगी मात्र दारातच वाकली, बूट काढले, आणि अनवाणी आत आली.

पोरीनं मायला बाहेर जायला सांगितलं. बाई उठेना. मग पोरीनंच मागून पेटी आणली, वाकळ आणली, बाहेर झाडाखाली ठेवली आणि मायला दंडाला धरून तिथे नेऊन बसवलं. आतल्यांनी रॉकेल ओतलं. त्याची काही गरज नव्हती, असं बाई म्हणाली.

"इतकी वर्सं मीच तेल पाजलं, बाबू. काडी लागायचाच अवकाश होता."

तिच्या हातातला तांदूळ सुपात पडत होता.

"त्याचं काई नाई वाटत मले. लाकूड होतं, जळलं." तिनं एक खडा बाजूला टाकला. "इतक्या दिसांनी पोट्टी दिसली. अन् तिच्या मायच्या तोंडातून काय निघालं? जोडे काढ. जेवली काय म्हणून नाई इचारलं मी. चुलीवर भात होता."

निवडून झालेला तांदूळ ती पुन्हा निवडायला लागली.

खात्यानं तिला दुसऱ्या विश्रामगृहावर काम देऊ केलं. भाऊ सिंदेवाहीहून न्यायला आला. ती कुणाबरोबर गेली नाही. पोट्टी आली तर मले कुठी धुंडन, एवढंच तिचं म्हणणं. त्या एकट्या उरलेल्या स्वयंपाकखोलीत ती राहिली. चौथऱ्यावर गवत वाढलं. पुढे तिथे सिमेंटची इमारत उभी राहिली, आत पांढऱ्या फरशा बसल्या. त्या पुसायचं काम दुसऱ्या एका बाईला मिळालं. नव्या इमारतीत ही कधी आत गेल्याचं मी पाहिलं नाही.

माझी बदली वरोऱ्याला झाली. निघताना मी तिला भेटायला गेलो. हात थरथरायला लागले होते, नजरही अधू झाली होती. वरोऱ्याहून गाड्या चारी दिशांना जातात, हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. तुम्ही मोठ्या रस्त्यावर राहणार, कुठं ना कुठं ती दिसेल, असं म्हणाली. दिसली तर काय सांगू, मी विचारलं.

बाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"मले राग नाई म्हणा," ती म्हणाली. "अन् घरी येऊन जेवून जाय म्हणा."

त्याच पावसाळ्यात हिवतापानं ती गेल्याचं मला कळलं, तेही सगळं आटोपल्यावर. भाऊ आला, त्यानंच अग्नी दिला. पोरीचं पुढे काय झालं ते गावात कुणाला माहीत नाही, निदान कुणी सांगत नाही.

मी आता निवृत्त झालो. वरोऱ्याच्या बसस्टँडवर अजून जाऊन बसतो. गडचिरोलीकडची गाडी लागली की उतरणाऱ्या बायांचे चेहरे बघतो. ती आता चाळिशीची असेल, असली तर. समोर उभी राहिली तरी मी ओळखीन की नाही, सांगता येत नाही. आणि ओळखलंच, तर त्या निरोपातला अर्धाच तिला सांगता येईल.