मूठ म्हणजे प्रिंटर

माझ्या भावोजींनी आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही. दुसऱ्यांचे हात मात्र त्यांनी शेकड्यानं तयार केले. दिवसभर ते एका क्लासात कॉम्प्युटर शिकवत आणि संध्याकाळी त्याच इमारतीच्या मागच्या गोदामात बॉक्सिंग. दोन्हीकडे त्यांना मास्तर म्हणत. कळफलकावर बोटं आपटणारे कारकून आणि एकमेकांची नाकं फोडणारी मुलं-मुली यांच्यात त्यांना काडीचाही फरक दिसत नसे.

"मेंदू म्हणजे सॉफ्टवेअर," ते सांगत. "मूठ म्हणजे प्रिंटर. आत नीट लिहिलं असेल तर बाहेर नीटच छापून येणार."

"आणि समोरचा माणूस?" मी विचारायचो.

"तो कागद."

कागद उलटून मारतो तेव्हा काय होतं, ते मला विचारा. बायकोचा भाऊ या नात्यानं माझ्याकडे बादली धरण्याचा मान होता. त्या बादलीत मी रक्त, थुंकी, दोन दात आणि कित्येक उमेदवारांची उमेद गोळा केलेली आहे.

भावोजींनी ठोशांना नंबर दिले होते. एक म्हणजे डावा सरळ, दोन म्हणजे उजवा, तीन म्हणजे डावा हुक, तो बाजूनं जबड्यावर येतो. ते नंबर ओरडत आणि हात सुटत. मध्ये विचार नावाची भानगड नको, हा त्यांचा दंडक. एका विद्यार्थ्याच्या बायकोनं तक्रार आणली की नवरा झोपेत उशा फोडतो. भावोजींनी त्याचा सत्कार करायचाच काय तो बाकी ठेवला.

पण त्यांनी खरी कमाल केली ती डॉक्टरच्या प्रश्नांत. सामन्यात कुणी मार खाऊन पडलं की रिंगशेजारचा डॉक्टर वाकून विचारतो, नाव काय, आज वार कोणता, आपण कुठे आहोत, समोरच्याचा कोपरा कोणत्या रंगाचा. उत्तर चुकलं की सामना बंद. भावोजींचा एक चांगला गडी वार चुकल्यामुळे जिंकत आलेला सामना हरला. खरं तर त्या गड्याला मार न खाताही कधी वार सांगता आला नव्हता. पण भावोजींनी धडा घेतला. दुसऱ्या दिवसापासून ठोशांबरोबर उत्तरांचीही तालीम सुरू झाली. नाव, वार, जागा, कोपरा, सगळं एका दमात, ठोसे खाता खाता.

माझी ताई एकदा म्हणाली, "अहो, उत्तरं पाठ करून घेतलीत. आता डॉक्टरला कळायचं कसं?"

"कळायचंय काय त्यात? उत्तर बरोबर म्हणजे मेंदू चालू."

"लोक तुमचाही चालू आहे म्हणतात," ताई म्हणाली आणि आत गेली.

या सगळ्यात उत्तम तयार झालेला नमुना म्हणजे त्यांची मुलगी. माझी भाची सव्वीस वर्षांची, नाकाचं हाड दोनदा मोडलेली. घरीदारी सगळे तिला हातोडी म्हणत. त्या वर्षी निवड सामन्यांच्या अंतिम फेरीत ती पोचली. जिंकली तर देशाच्या संघात. हरली तर संपलं, कारण पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. सात वर्षं तिनं त्या एका दुपारसाठी अंग झोडपून घेतलं होतं.

समोर निळ्या कोपऱ्यात विजेच्या खांबांवर चढून तारा जोडणारी एक मुलगी होती. हात इतके लांब, की तिला शिडी लागत नसावी. पहिल्या फेरीत हातोडीनं तिचा ओठ फाडला. दुसऱ्या फेरीत तिच्या बरगड्यांवर असे ठोसे घातले की मला माझ्या बरगड्या चाचपून पाहाव्या लागल्या. आणि फेरी संपायला पाच सेकंद असताना त्या लांब हातांतला उजवा हातोडीच्या कानशिलावर बसला. ओलं पोतं जमिनीवर टाकावं तसा आवाज झाला. हातोडी तोंडावर पडली. दातांवरचं रबर माझ्या पायाशी येऊन पडलं. रेफरीनं सात मोजले तेव्हा ती उठली. घंटा झाली.

तिला स्टुलावर बसवली. नाकातून रक्ताची धार लागली होती. डॉक्टर वाकला. "नाव सांग बघू."

तिनं नाव सांगितलं, आणि न थांबता पुढे, "रविवार, क्रीडाभवन, निळा कोपरा."

"शाबास," डॉक्टर हसून म्हणाला आणि निघून गेला.

मी स्पंज पिळला. भावोजी खडूसारखे पांढरे झाले होते.

"त्यानं एकच विचारलं होतं," ते हळूच म्हणाले.

"मग काय झालं? पोरगीनं तीन मार्क जास्तीचे घेतले."

"तू गप रे." त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. "बाळा, काल आईशी कशावरून भांडलीस?"

"निळा कोपरा," हातोडी म्हणाली.

घंटा झाली आणि ती उठून निघाली.

तिसरी फेरी ज्यांनी पाहिली ते अजून तिची वाखाणणी करतात. एक, दोन, तीन. एक, एक, दोन. त्या तारवाल्या मुलीची भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं, ती दोरांवर कोसळता कोसळता राहिली. सभागृह उभं राहून किंचाळत होतं. हातोडी धडधडीत जिंकत होती. फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नव्हती. समोरून येणारा एकही ठोसा ती चुकवत नव्हती. प्रत्येक ठोसा डोक्यावर घेत होती, आणि चेहऱ्यावर काही नव्हतं. दुखणंही नव्हतं.

भावोजींच्या हातात टॉवेल होता, तो रिंगमध्ये फेकला की आपण सामना सोडला. वीस वर्षांत त्यांनी इतकी सुबक छपाई पाहिली नव्हती, आणि आत लिहिणारं कुणी नव्हतं. दहा-बारा सेकंद ते तसेच उभे राहिले. ते सेकंद मी त्यांना कधी विचारले नाहीत, आणि त्यांनी कधी सांगितले नाहीत. मग त्यांनी टॉवेल फेकला. भिजलेला टॉवेल दोरावर आपटून परत आमच्याच अंगावर आला. तो पुन्हा उचलायला ते थांबले नाहीत. पोट सावरत, दोरांत पाय अडकवत ते आत घुसले. रेफरीनं दोन्ही हात हलवून सामना थांबवला. तारवाली थांबली. हातोडी थांबली नाही. वळली, समोर कुणीतरी दिसलं, आणि तिनं बापाच्या नाकावर हुक घातला.

हाड मोडल्याचा आवाज मी खाली ऐकला. तशा रक्ताळलेल्या तोंडानं भावोजींनी तिला कवेत आवळली आणि दोघंही खाली बसली. प्रेक्षकांनी आम्हाला शिव्या घातल्या, मग बाटल्या फेकल्या. एक माझ्या कानावर बसली, तेव्हा मी बादली डोक्यावर घेतली. आतलं सगळं माझ्या अंगावर आलं.

हातोडीच्या मेंदूत बारीक रक्तस्राव झाला होता. आणखी एक ठोसा बसला असता तर तुम्ही इथं आला नसता, सरळ पुढच्या शवागारात गेला असता, असं इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हातोडीला तिसरी फेरी आठवत नव्हती. जिंकत असताना बापानं सामना सोडला, हे तिला इतरांकडून कळलं. ती अकरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही. भावोजी नाकावर पट्टी बांधून क्लासला जात होते. कुणीतरी चेष्टेनं विचारलं, "मास्तर, मेंदू म्हणजे काय हो?" ते म्हणाले, "मला माहीत नाही." हे उत्तर त्या वर्गानं त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

बाराव्या दिवशी सकाळी आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. हातोडी बराच वेळ त्यांच्या पट्टीकडे बघत होती.

"आई म्हणते मी मारलं."

"हं."

"डावा हुक?"

"हो. चांगला होता."

"आणि तुमचे हात कुठे होते? आम्हाला आयुष्यभर ओरडलात, हात तोंडापुढे, हात तोंडापुढे."

"तुला धरायला पुढे केले होते," भावोजी म्हणाले.

ताईनं उगाच भांडी हलवली.

"मी जिंकत होते?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

तिचे डोळे भरून आले. ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि भावोजींच्या नाकावरची सुटत आलेली पट्टी अंगठ्यानं दाबून बसवली. गरजेपेक्षा बऱ्याच जोरात. भावोजी कळवळले.

"हलू नका," ती म्हणाली.