आत्याबाईंची कडी

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं चालणं मला अजून ऐकू येतं. दोन पावलं, मग थांबणं, मग पुन्हा दोन पावलं. थांबल्या की एक हात निऱ्यांखाली दाबलेला असे. मी नवी सून असताना वाटायचं, गुडघे दुखत असतील. एकदा धुणं वाळत घालताना त्या तोंड फिरवून म्हणाल्या, "अंग बाहेर येतंय गं माझं. लई वर्षं झाली." इतकी वर्षं त्या कापडाची घडी बांधून वावरत होत्या आणि घरात कुणालाही पत्ता नव्हता. मला रडू आलं नाही, संताप आला.

त्यांना जामबागच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गर्भाशय खाली उतरलंय, पण हृदय कमजोर, ऑपरेशन झेपणार नाही, आतून आधाराला रबरी कडी बसवू, असं त्या म्हणाल्या. मग आत्याबाईंना नवऱ्याबद्दल विचारलं, "आदमी हैं ना, अम्मा?" आत्याबाई लाजेनं लालबुंद. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याजवळ जाताना कडी कशी काढायची, कशी धुवायची, पुन्हा कशी बसवायची, सगळं हसत शिकवलं.

तेव्हा बाहेरचा माल नुकताच दुकानांत दिसू लागला होता. आबिड्सच्या एका दुकानातून मी ती मऊ, परदेशी कडी आणली. मामंजी नव्या केबलवर क्रिकेट बघत होते, त्यांना कशाचाच सुगावा नव्हता. आठवडाभरात आत्याबाई ताठ चालू लागल्या. चिक्कडपल्लीच्या बाजारात उभं राहून भाजीवालीशी तेलुगूत घासाघीस करू लागल्या. मोकळेपणानं हसू लागल्या, कारण आता हसताना भीती नव्हती. त्या एवढ्या उंच आहेत हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी मामंजी गेले. बायका जमल्या. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, एकेक काढून घेतलं. या कामाला बायकांचे हात किती पटापट चालतात! दुपारी आत्याबाईंनी मला न्हाणीघरात बोलावून दार लावलं आणि हळूच विचारलं, "ती बी काढायची का गं?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

"आत्याबाई, ते औषध आहे!"

"डॉक्टरीणबाईनं 'हे हायेत का' विचारूनच बसवली की."

मी हातापाया पडले. डॉक्टरीणबाईंना घरी आणलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "वो वास्ते नईं पूछी थी मैं, अम्मा!" आत्याबाईंनी सगळं ऐकून मान डोलावली, चहा दिला आणि काढून ठेवलेली कडी काही परत घातली नाही. पुन्हा ती दोन पावलं, पुन्हा निऱ्यांखाली हात.

एकदा मी चिडून म्हणाले, "अहो, ती कुणाला दिसणार आहे?"

त्यांनी भिंतीवरच्या मामंजींच्या फोटोकडे पाहिलं. "ह्यांना दिसतंय."

त्या तशाच चालत चालत संपल्या. त्यांच्या पेटीत जोडव्यांशेजारी ती कडी सापडली, स्वच्छ धुतलेली, त्यांच्या जुन्या रेशमी खणात गुंडाळलेली. मी ती कुणाला दाखवली नाही.

पुढं माझंही अंग बाहेर येऊ लागलं. मी मुळीच वेळ न घालवता कडी बसवून घेतली. मी शिकलेली, नोकरी केलेली बाई, मला कसली भीती?

गेल्या वर्षी माझे यजमान गेले. बायका आल्या. बांगड्या मी स्वतःच उतरवून दिल्या, कुणाला हात लावू दिला नाही. मग न्हाणीघरात गेले आणि दार लावून घेतलं. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी माझा हात खाली गेला. तेवढ्यात दाराबाहेर पावलं ऐकू आली. दोन पावलं, मग थांबणं.

"औषध आहे, आत्याबाई," मी मोठ्यानं म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

मी हात धुतला आणि कडी न काढता बाहेर आले. ताठ चालत बैठकीत गेले. यजमानांच्या फोटोकडे मात्र मला अजून मान वर करून बघवत नाही.