भोंग्याची बॅटरी

निवडणूक आली की टेमघरच्या आमच्या गल्लीत रिक्षावाले काका प्रचाराची रिक्षा घेऊन यायचे, टपावर भोंगा बांधलेला. पक्ष कुठलाही असो, आवाज त्यांचाच. नळ, गटार, रस्ता असं तालात म्हणत जायचे, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत तेच हिंदीत, आणि शेवटी पदरचं एक वाक्य जोडायचे, ‘मत कुणालाबी द्या, पन द्या!’ देऊळ किंवा मशीद आली की माईक बंद. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

आता माईक गेला. पक्षवाले रेकॉर्डिंग देतात. त्यात नळ नाही, गटार नाही. धर्म वाचवायचा तर आम्हालाच मत द्या, एवढंच. यंदा मशिदीपाशी आवाज वाढवायला एक कार्यकर्ताही शेजारी बसवला होता. पण भोंगा नेमका तिथंच मुका झाला. काका उतरून, बॅटरी गेली म्हणत, सीटखालच्या वायरी चाचपत राहिले. कोपरा ओलांडल्यावर भोंगा पुन्हा ओरडू लागला. दुसऱ्या दिवशीही तसंच.

संध्याकाळी टपरीवर मी हळूच विचारलं, ‘काका, बॅटरी रोज तिथंच कशी उतरते?’

बशीत चहा ओतत ते म्हणाले, ‘जुनी हाय ना. तिला पयल्यापासनं तिथं गप बसायची सवय हाय.’