शेवटल्या नावापर्यंत

"थांब, मले ऐकू दे आधी," असं म्हणून सर चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे, व्हरांड्यातली खुर्ची वर्गाच्या भिंतीला टेकवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. पाच मिनिटं, कधी दहा. आत मुलं वाचत असायची आणि बाहेर हा सत्तरीचा माणूस मान कलती करून बसलेला. पहिल्या दिवशी मी सरळ कपाळाला हात लावला. झालं, म्हातारबुवा झोपले!

शाळेतल्या लोकांनाही तसंच वाटायचं. एकदा एका गुरुजींनी साहेबांची झोप मोडू नये म्हणून ओठांवर बोट ठेवून अख्खा वर्ग गप्प केला. तसे सर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "बंद काहे कर दिया, भैया? और वो खिड़की के पास वाला खाली होंठ हिला रहा था, उससे अकेले पढ़वाइए." गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. खिडकीजवळ खरंच एक जण होता.

सरकारी शाळेची तपासणी तुम्ही पाहिली नसेल, तर थोडक्यात सांगते. आमच्या रायपूरला सहावी ते आठवीच्या शाळेला मिडिल स्कूल म्हणतात. दर हिवाळ्यात दोघा-दोघांच्या जोड्या या शाळांमध्ये जातात. एक रिटायर्ड हेडमास्तर आणि एक ऑफिसातलं माणूस. वीस मुलांकडून न पाहिलेला उतारा वाचून घ्यायचा, थोडं गणित विचारायचं, सगळं टॅबलेटवर भरायचं. मग शाळेला ए, बी, सी किंवा डी मिळतो. लागोपाठ दोन वर्षं डी आला की ती शाळा बंद करून दुसऱ्या मोठ्या शाळेत मिसळून टाकतात.

ऑफिसातलं माणूस म्हणजे मी. तीन हिवाळे मी सरांबरोबर हिंडले. ते तात्यापाऱ्यातले, भोसल्यांच्या काळापासून इथे राहिलेल्या घराण्यातले. मी समता कॉलनीतली, वडील रेल्वेत म्हणून अकोल्याहून आलेली. गाडी सकाळी नवा रायपूरहून निघायची. त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर धुकं असं बसलेलं असायचं की आपण जागे आहोत की अजून अंथरुणातच, तेच कळू नये. सर पुढच्या सीटवर मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसायचे आणि मध्येच म्हणायचे, "काय सुंदर आहे ना बाप्पा, काहीच दिसून नाही राहिलं." मी मागे टॅबलेटवर शाळांची यादी बघत असायचे. त्याला ते पाटी म्हणत. "ठेव ना ते पाटी खाली. काहून एवढी घाई?"

घाई काहून, तर मला संध्याकाळपर्यंत तीन शाळा संपवायच्या असायच्या! आणि हे एकाच शाळेत दुपार करायचे. मी चिडायचे, फणकारायचे. त्यांच्यावर ढिम्म परिणाम नाही.

त्या पिशवीत काय नव्हतं? बिस्किटांच्या पुड्याचे कागद, उदबत्तीची खोकी, खताच्या पोत्याचा कापलेला तुकडा आणि एक जुनी लग्नपत्रिका. त्यांच्या मुलीच्या लग्नाची, कडा मऊ पडलेली. फॉर्मातला उतारा झाला की ते मुलांना हे वाचायला द्यायचे. पत्रिकेत सगळ्यात खाली घरच्या लेकरांच्या नावांच्या वर लिहिलं होतं, 'मेरी बुआ की छादी में जलूल-जलूल आना.' तिथे आलं की वर्गात हसू फुटायचं. पण बरीच मुलं नवरा-नवरीच्या नावापाशीच थांबायची. सर मान हलवायचे. "पूरा पढ़ो, बेटा. आखरी नाम तक." कुणीतरी हमखास विचारायचं, "सर, शादी कब है?" "हो गई. मिठाई बाकी है. जो पूरा पढ़ेगा, उसकी."

घडाघडा वाचणाऱ्या मुलाचं त्यांना कौतुक नव्हतं. मी खूश होऊन पूर्ण गुण भरायला जायचे तर ते माझा हात धरायचे. "हे पाठ आहे त्याले. आवाज ऐक ना, कुठंच अडला नाही. आता त्या मागच्या पोट्टीचं ऐक. अडखळली, मागं गेली, दुरुस्त केलं. ते वाचून राहिली." मग पुन्हा डोळे मिटायचे. हळूहळू मलाही ते ऐकू यायला लागलं. दुपारच्या उन्हात, खिचडीच्या वासात, भिंतीपलीकडून वीस-पंचवीस आवाजांची गुणगुण यायची आणि त्यातून एखादा आवाज ठेचकाळत पुढे निघायचा. खरं सांगते, मला गुंगीच यायची. तसली सुखाची गुंगी मला नंतर कुठे मिळाली नाही.

आता त्या शाळेचं सांगते.

रेल्वेलाइनला लागून एक पारा, म्हणजे वस्ती आहे, तिथली दोन खोल्यांची मिडिल स्कूल. तपासणीच्या दिवशी कच्च्या मुलांना घरीच ठेवायची आमच्याकडे रीतच आहे. सगळ्यांना ठाऊक, कुणी बोलत नाही. सर मात्र शाळेत शिरले की आधी मध्यान्ह भोजन रांधणाऱ्या दीदीकडे जायचे. "कल कितने बच्चों ने खाया, दीदी?" ती बापडी खरं सांगून टाकायची. या शाळेत पहिल्या वर्षी दहा मुलं कमी निघाली. सरांनी मला घेतलं आणि पाऱ्यात घरोघर फिरून दहाच्या दहा गोळा करून आणली. त्यात एक मुलगी होती, भावाचं ढगळ स्वेटर घातलेली, नळावर भांडी घासताना सापडलेली. तिला एक ओळ वाचता येईना. त्या दहांमुळे शाळेला डी मिळाला. मोठ्या बाई, म्हणजे हेडमास्तरीण, आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आल्या. सरांनी त्यांना एवढंच सांगितलं, "अगले साल सबको बुलाना, मैडम. जो नहीं पढ़ सकता, उसी के लिए तो आते हैं हम."

दुसऱ्या वर्षी आम्ही नोव्हेंबरात गेलो. रांधणाऱ्या दीदीने आकडा सांगितला, सरांनी वर्गातली डोकी मोजली आणि पुन्हा मोजली. एकही कमी नव्हतं. मोठ्या बाई दारात उभ्या. म्हणाल्या, "सब आए हैं, सर. आपने कहा था न."

आणि टॅबलेटने पुन्हा डी दाखवला. सी मिळायला वीसपैकी दहा मुलं वाचणारी हवीत, निघाली सात. बाकी शहरात लबाडी करून सी मिळवणाऱ्या शाळा मी पाहिल्या होत्या आणि जिने सरांचं ऐकलं ती बुडत होती. मोठी शाळा रेल्वेलाइनच्या पलीकडे. रूळ ओलांडून मुली पाठवायला पाऱ्यातलं कुणी तयार होणार नव्हतं. तेही बाईंनी सांगितलं, अगदी साध्या आवाजात.

मी हळूच म्हटलं, "सर, पाच-सहा जणांना घरी पाठवू आणि वीस पुन्हा निवडू. कोण बघतंय?"

"मी बघून राहिलो ना," ते म्हणाले. रागावले नव्हते. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे डोळे उघडे होते आणि काय ऐकावं ते त्यांना कळत नव्हतं. "माझ्या एका बोलण्यापायी हे शाळा जाईल गं," असं म्हणाले आणि खिशातला चष्मा उगीचच पुसत बसले.

नियमात एक वाट होती. तपासणाऱ्याने स्वतः सही केली, तर निकाल एकदाच रोखून तीन महिन्यांनी पुन्हा तपासता येतो. ही सही करणाऱ्यांची सर नेहमी थट्टा करायचे. त्या दिवशी त्यांनी ती केली. आणि पुढच्या शनिवारपासून आपल्या जुन्या स्कूटरवर पिशवी लटकवून त्या शाळेत जायला लागले, वाचून घ्यायला.

मी भांडले. "सर, तुम्हीच शिकवणार आणि तुम्हीच तपासणार? हे नियमात बसत नाही!"

"बरोबर आहे तुझं. मंग परीक्षा तू घे. मी त्या दिवशी आतच येत नाही, गाडीत बसतो." मग हसून म्हणाले, "आता तुले ऐकू येते."

एका शनिवारी मीही गेले होते. सर व्हरांड्यात डोळे मिटून, भोवती लेकरं, आणि ती स्वेटरवाली मुलगी लग्नपत्रिकेच्या तिसऱ्या ओळीत अडकलेली. "घर ले जा," सरांनी पत्रिकाच तिला देऊन टाकली. "पूरा पढ़ लेगी तो मिठाई मैं लाऊँगा." तिने मान डोलावली, "हव सर."

जानेवारीच्या शेवटी सर गेले. सकाळी चहा घेता घेता, कुणाला काही कळायच्या आत. तेराव्याला मी गेले तेव्हा त्यांच्या बायकोने ती कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "तूच ने. ह्यांचं सामान तुलाच समजते." तिथलं छापील शोकपत्र मी त्याच पिशवीत टाकलं आणि घरी आले. पंधरा दिवस पिशवी उघडायचं धाडस झालं नाही.

फेब्रुवारीत परीक्षेला एकटी गेले, ती पिशवी तशीच बरोबर घेऊन. शाळेच्या अंगणातल्या आंब्याला मोहर आला होता आणि मुलं गाडीकडे धावली. "सर नहीं आए?" त्यांच्या पाऱ्यापर्यंत बातमी पोचली नव्हती. मी, ही एवढी तोंडाळ बाई, "आज नहीं आए," म्हणाले. परीक्षेआधी लेकरांना कसं सांगायचं, तुम्हीच सांगा. येताना मिठाईचा डबा मात्र घेतला होता, त्यांनी कबूल केली होती म्हणून.

मी व्हरांड्यात खुर्ची भिंतीला टेकवली, डोळे मिटले आणि एकेकाला बोलावलं. संध्याकाळी ऑफिसात कुणी हसलं तर हसू दे. अडखळत, मागे जात, पुढे जात एकोणीस जणांपैकी नऊ जण वाचून गेले. दहाला एक कमी होतं आणि एकच उरली होती, ती स्वेटरवाली.

फॉर्मातला उतारा दाखवायच्या आधीच तिने दप्तरातून पत्रिका काढली आणि वाचून दाखवली. घडाघडा. 'जलूल-जलूल'पर्यंत, अगदी शेवटल्या नावापर्यंत. कुठेही अडली नाही. म्हणजे ते पाठ होतं. तिला काय सांगू? फॉर्मात दोनच उतारे होते आणि ते तिने आधीच्या मुलांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकले होते. मी डोळे न उघडताच पिशवीत हात घातला, हाताला लागला तो कागद तिला दिला आणि म्हटलं, "ये पढ़ो."

"अत्यंत... दु... दुख... दुःख के साथ... सू... सूचित किया जाता है कि..."

मी डोळे उघडले, पण उशीर झाला होता. तिचं बोट ओळीखालून सरकत होतं. सरांच्या नावापाशी ती थांबली, मागे गेली, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मैडम, ये तो अपने सर हैं."

वर्गातली गुणगुण थांबली. मी उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बस, बेटा. हो गया. बस."

तिने ढगळ बाहीने डोळे पुसले आणि कागद सोडला नाही.

"नहीं मैडम. पूरा पढ़ूँगी."

आणि तिने वाचलं. मुलाचं नाव, सुनेचं नाव, मग त्या मुलीचं, जिची लग्नपत्रिका तिने तीन महिने जपली होती. दोनदा अडली, मागे गेली, दुरुस्त केलं. सगळ्यात खाली नातवंडांची नावं होती, तीही वाचली. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि रडत होते, लाज कसली त्यात. टॅबलेटवर शेवटचा प्रश्न उघडा होता: वाचलेलं मुलाला समजलं का? मी 'होय' दाबलं.

शाळा तिथेच आहे.