गुणाक्काचं कुलूप

सदलग्याच्या त्या गल्लीतली निम्मी माणसं गुणाबाईच्या अंगणवाडीतून पुढे गेली, आणि त्यांची पोरंही पुन्हा तिच्याच हाताखाली आली. रडक्या पोरासाठी तिच्याकडे एकच औषध होतं. आपला पदर त्याच्या मुठीत द्यायचा आणि आपण कामाला लागायचं. पोरगं पदर धरून मागं मागं फिरायचं आणि फिरता फिरता रडायचं विसरून जायचं.

साठी भरली, हार-नारळ झाला, गुणाक्का घरी बसली. बसली म्हणजे, पोरांनी बसू दिलं तर ना! दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पलटण तिच्या दारात हजर. सगळ्यात पुढे तेजस्वी, गल्लीतली एक नंबरची रडकी.

"आक्का, शाळा हितंच भरवा."

गुणाक्का तोंडाने "जावा रं तिकडं" म्हणाली आणि हाताने शेंगा-गूळ वाटत सुटली. खोटं कशाला बोला, तिला मनातून उकळ्या फुटत होत्या. हे रोजचंच झालं.

आठवड्याभराने नवीन बाई, पूर्णिमा, घरी आली. लेकीच्या वयाची पोर, डोळे सुजलेले.

"आक्का, वर्गात मी आन मदतनीस दोघीच बसतोय. वरच्या मॅडम तपासाय येणार हायत. पोरंच न्हाईत म्हटल्यावर माझी नोकरी कशी टिकायची?"

गुणाक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण पोरांचे लाड केले आणि या पोरीच्या पोटावर पाय आणला. सकाळी ती पोरांवर ओरडली, पण तिच्या ओरडण्याला दात नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक. मग हाताला धरून अंगणवाडीत पोचवलं. ती वळली तशी कोंबडीमागं पिल्लं यावीत तशी सगळी तिच्यामागं परत.

"मी घरात हाय तवर ही पोरं तुझी व्हायची न्हाईत," ती पूर्णिमाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवरा आण्णाप्पा मळ्याकडे गेल्यावर तिने दाराला कुलूप घातलं, आधार कार्ड घेतलं आणि निपाणीची एसटी धरली. कर्नाटक सरकारने बायकांना एसटीचं तिकीट माफ केलंय, त्याचा असा उपयोग आणखी कुणी केला नसेल. निपाणीत तिच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. मग रोज हेच. स्टँडवर बाकड्यावर बसायचं, चहा प्यायचा, अंगणवाडी सुटायच्या वेळेला परत फिरायचं.

"आक्का, निपाणीत नोकरी लागली काय?" कंडक्टरने विचारलं.

"व्हय, बसायची."

आण्णाप्पा हसायचा. "लोकं रिटायर झाली की घरात बसत्यात. हिला घरच सुटलं."

ती हसण्यावारी न्यायची. पण बाकड्यावर बसून तिचा जीव दारातच घुटमळायचा. आत्ता आली असतील. कुलूप बघून तेजस्वीने भोकाड पसरलं असेल. आईने पोटच्या पोरांपासून लपावं तसं तिला वाटे, आणि कंडक्टरकडे पाठ करून ती डोळे पुशी.

पावसाळा सरला. एक दिवस सकाळी निपाणीला जायची गाडीच आली नाही. वाट बघून बघून गुणाक्का घराकडे निघाली. आता पोरं गाठणार, आणि सगळं मुसळ केरात. पण पायरीवर कुणीच नव्हतं. कुलपाला हात लावायला तिचं मन होईना. हेच तर हवं होतं की!

पायांनी तिला अंगणवाडीकडे नेलं. आत गोंगाट होता. पूर्णिमा भाताची ताटं मांडत होती, तिच्या ओढणीचं टोक कुठल्याशा नवीन पोराच्या मुठीत होतं. गुणाक्का दारातच थांबली आणि तिला रडू आवरेना.

तेजस्वीने तिला बघितलं. गुणाक्काने हात पुढे केले, पण पोर धावत आली नाही. ती आधी बाईंकडे गेली, ओढणीचं दुसरं टोक ओढत दारापर्यंत आली आणि ते गुणाक्काच्या हातात दिलं. मागून पूर्णिमाही ओढणीबरोबर चालत आली.

"पयल्या दिवशी समद्यांनाच रडू येतंय आक्का," तेजस्वी म्हणाली. "हे धरा. आन बसा माझ्याशेजारी."

गुणाक्काने ओढणी मुठीत घट्ट धरली आणि पोरांच्या ओळीत मांडी घालून बसली.